वेंब्लीची गर्दी आणि पांढरा घोडा

जत्रेहून परतलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न विचारतात तो दर्शन कसे झाले हा नव्हे, "गर्दी कशी काय होती?" हा. सांगणाराही हात पसरून सांगतो, "मुंगीला शिरायला वाव नव्हता!" गर्दी मोठी तर जत्रा मोठी, असा आपला सरळ हिशेब. मंडळी, आज तुम्हाला अशाच एका जत्रेला घेऊन जायचे आहे. मात्र ही जत्रा देवाची नाही, खेळाची आहे. आणि आपल्या मुलखातली नाही, विलायतेतली आहे. साल १९२३, एप्रिलची २८ तारीख, वार शनिवार. ठिकाण, लंडन शहराच्या वायव्येला असलेले वेंब्ली.

वेंब्लीला त्या दिवशी एका नव्याकोऱ्या क्रीडांगणाचे दार लोकांसाठी प्रथमच उघडले. फुटबॉलचे वेड असलेल्या लाखो माणसांनी ते आधी कधी पाहिलेले नव्हते. त्या पहिल्या दिवशी तिथे जे घडले त्याची गोष्ट इंग्लंडात आजही आजोबा नातवाला सांगतात. गोष्ट आहे गमतीची. पण तिच्या पोटात एक धडा आहे, आणि तो शिकायला त्या देशाला पुढची कितीतरी वर्षे आणि कितीतरी जीव मोजावे लागले. म्हणून ही गोष्ट आपण नीट, क्रमाने पाहू.

आधी जागेविषयी. वेंब्ली हे तेव्हा लंडनच्या कडेचे, मोकळ्या माळाचे ठिकाण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एडवर्ड वॉटकिन नावाच्या एका रेल्वेमालकाने तिथे पॅरिसच्या आयफेल टॉवरहून उंच मनोरा बांधायचे मनात घेतले. आपल्या रेल्वेने लोक मनोरा पाहायला येतील, तिकिटे खपतील, असा बेत. पण मनोऱ्याचा पहिला टप्पाच काय तो उभा राहिला. पुढे पैसा आटला, काम थांबले, आणि १९०७ साली तो अर्धवट सांगाडाही पाडून टाकला. लोक त्याला वॉटकिनचा वेडेपणा म्हणत. त्याच जागेवर पंधरा वर्षांनी हे क्रीडांगण उभे राहिले.

पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. साम्राज्याचा दिमाख जगाला दाखवावा म्हणून ब्रिटिश सरकारने १९२४ साली वेंब्लीला एक भव्य प्रदर्शन भरवायचे ठरवले, आणि त्या प्रदर्शनाचा भाग म्हणून हे मैदान बांधले. त्याचे नावही 'एम्पायर स्टेडियम', म्हणजे साम्राज्याचे क्रीडांगण. जॉन सिम्प्सन आणि मॅक्सवेल एअर्टन हे वास्तुशिल्पी, ओवेन विल्यम्स हे इंजिनिअर, आणि बांधकामाचा ठेका रॉबर्ट मॅकअल्पाइन यांच्या कंपनीचा. साडेसात लाख पौंड खर्च आला. सिमेंट-काँक्रीटचे एवढे प्रचंड काम तीनशे दिवसांत उरकले. समोर सव्वाशे फूट उंचीचे दोन पांढरे मनोरे. आत सव्वा लाखाच्या आसपास माणसे मावतील एवढी जागा. त्यातली थोडी बसण्याची, बाकी सगळी उभे राहण्याच्या पायऱ्यांची. घाटावरच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ती रचना ध्यानात येईल.

सामन्याच्या अवघ्या चार दिवस आधी काम पुरे झाले. पायऱ्या वजन पेलतील की नाही हे पाहण्यासाठी सैनिकांची पलटण त्यांवर उभी केली आणि तिला जागच्या जागी पाय आपटायला लावले. पायऱ्या पक्क्या निघाल्या. काँक्रीटची परीक्षा अशी चोख झाली. पण लाख-सव्वा लाख माणसे दारातून आत कशी येतील, कुठे वळतील, आत किती गेली हे बाहेरच्याला कसे कळेल, याची परीक्षा कोणी घेतली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता सामन्याविषयी. इंग्लंडात फुटबॉल असोसिएशन ही खेळाची मुख्य संस्था. तिने १८७१ साली एक चषक सुरू केला. देशातले लहानमोठे संघ त्यासाठी झुंजतात आणि शेवटी दोन उरतात. तो शेवटचा सामना म्हणजे तिकडचा मोठा सण. महायुद्धापूर्वी तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर होई. युद्धानंतर तीन वर्षे स्टॅम्फर्ड ब्रिज या मैदानावर झाला. पण तिथे गर्दी बेताचीच जमली. १९२२च्या सामन्याला पन्नास हजारांच्या थोडे वर लोक होते. त्यामुळे सव्वा लाखाचे मैदान भरेल तरी का, अशी कारभाऱ्यांना धास्ती. म्हणून त्यांनी जाहिरात चांगली केली. बसण्याच्या जागांची तिकिटे आधी विकली. उभ्याच्या जागांसाठी मात्र दारावर पैसे द्या आणि आत या, असा खुला कारभार ठेवला.

त्या वर्षी शेवटी उरलेले दोन संघ होते बोल्टन वाँडरर्स आणि वेस्ट हॅम युनायटेड. बोल्टन हे लँकशायरमधले कापसाच्या गिरण्यांचे गाव. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत ज्यांनी काम केले त्यांना लँकशायरचे नाव परके नाही. सूत काढायची कितीतरी यंत्रे तिकडूनच आलेली. बोल्टनचा संघ आधी दोनदा, १८९४ आणि १९०४ साली, शेवटच्या सामन्यापर्यंत येऊन हरला होता. वेस्ट हॅम हा पूर्व लंडनमधला, गोदीत आणि जहाजबांधणीत राबणाऱ्या कामगारांच्या वस्तीतला संघ. एका लोखंडी कारखान्याच्या कामगारांनी त्याचा पाया घातला. चषकाच्या शेवटच्या सामन्यात तो प्रथमच पोचला होता. म्हणजे लंडनचा संघ, लंडनचे मैदान, शनिवारची दुपार, आणि भरीला हवाही लख्ख. मग काय विचारता!

आता तुम्ही असे समजा की तुम्ही बोल्टनच्या गिरणीतले एक कामगार आहात. आठवडाभर यंत्रापुढे उभे राहून पाय भरून आलेत. चार पैसे गाठीला मारून सामन्यासाठी सोडलेल्या गाडीत तुम्ही बसलात. बोल्टन ते लंडन अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. वाटेत गाणी, हसणे, डब्यातली भाकरतुकड्याची देवघेव. आणि हे सगळे कशासाठी? तर प्रत्यक्ष पाहण्यासाठी. कारण तेव्हा घरबसल्या सामना ऐकण्याची सोय नव्हती. इंग्लंडात बी. बी. सी.चा रेडिओ जेमतेम सहा महिन्यांचा होता. फुटबॉल सामन्याचे धावते वर्णन तिकडे १९२७ साली सुरू झाले. आणि ऐकणाऱ्याला चेंडू कुठे आहे हे कळावे म्हणून मैदानाचे चौकोन पाडून, त्यांना आकडे देऊन, तो नकाशा रेडिओच्या साप्ताहिकात छापत असत. १९२३ साली मात्र ज्याला सामना हवा त्याला पायानेच जावे लागे.

तुम्ही वेंब्लीला उतरलात. समोर ते दोन पांढरे मनोरे. दुरून पाहताना पंढरीचा कळस दिसल्यावर वारकऱ्याला व्हावे तसे मन झाले. पण पाऊल पुढे टाकावे तर माणसांचा पूर. साडेअकराला दारे उघडली होती. दारांत टर्नस्टाइल, म्हणजे एका वेळी एकच माणूस आत जाईल अशी फिरती फाटके बसवलेली. सुरुवातीला सारे सुरळीत चालले. पुढे पुढे रेटा वाढत गेला. पावणेदोनच्या सुमाराला आत जागा उरली नाही असे ठरवून दारे बंद केली.

दारे बंद झाली. पण रेल्वेगाड्या बंद झाल्या नाहीत. ट्राम आणि बसगाड्याही चालूच राहिल्या. दर काही मिनिटांनी नवे हजार माणूस त्या बंद दारांशी येऊन थडकू लागले. मागच्याला पुढचे दिसत नाही. मागचा म्हणतो, रांग हलत का नाही? पुढचा म्हणतो, अहो, जाऊ कुठे? बोल्टनच्या खेळाडूंनाच मुळी गर्दीमुळे आपली गाडी मैलभर अलीकडे सोडून चालत यावे लागले. शेवटी लोकांनी कठडे ओलांडले, भिंतींवर चढले, फाटकांवरून उड्या टाकल्या. तिकीट काढलेला, न काढलेला, सगळे एकच झाले. आतल्या पायऱ्यांवर दाब वाढला आणि पुढच्या ओळींतली माणसे जीव वाचवायला खालच्या हिरवळीवर उतरली. बघता बघता मैदानाचे गवत दिसेनासे झाले. अडीच वाजता जिथे खेळ व्हायचा तिथे टोप्याच टोप्या.

तीनच्या सुमाराला राजे पंचम जॉर्ज आले. बँडने राष्ट्रगीत वाजवले, लोकांनी जागेवर उभे राहून ते म्हटले. खेळाडू बाहेर आले. त्यांनीही लोकांना मागे सरकण्याची विनंती केली. पण सरकणार कुठे?

आणि मग घोडेस्वार पोलीस आले. त्यांत जॉर्ज स्कोरी नावाचा एक शिपाई होता, पूर्वी सैन्याच्या घोडदळात काम केलेला. त्याच्या घोड्याचे नाव बिली. स्कोरीने लाठी चालवली नाही की घोडा अंगावर घातला नाही. मैदानाच्या मध्यापासून त्याने सुरुवात केली. घोडा हळूहळू वळे, तोंडाने आणि शेपटीने लोकांना हलकेच मागे सारी. स्कोरी पुढच्या माणसांना एकमेकांचे हात धरायला सांगे आणि पावलापावलाने मागे रेटा म्हणे. अशी एकेक पाऊल जागा मोकळी होत होत मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या रेघेपर्यंत गर्दी मागे गेली. दुसरेही घोडेस्वार होतेच. पण बिली चटकन डोळ्यांत भरे. खरे म्हणजे बिलीचा रंग करडा होता. त्या काळच्या काळ्यापांढऱ्या चित्रपटात तो पांढराशुभ्र दिसला, आणि चित्रपटगृहांतून सगळ्या देशाने त्याला तसाच पाहिला. तेव्हापासून त्या सामन्याचे नाव पडले 'पांढऱ्या घोड्याचा सामना'. गंमत म्हणजे खुद्द स्कोरीला फुटबॉलची गोडी नव्हती!

ठरल्या वेळेपेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा खेळ सुरू झाला. मैदानाच्या चारही कडांना माणसांचीच भिंत. दुसऱ्याच मिनिटाला बोल्टनच्या डेव्हिड जॅकने गोल केला. वेस्ट हॅमचा एक खेळाडू त्या वेळी कडेच्या गर्दीत अडकला होता, त्याला बाहेर पडता येईना. मध्यंतरात संघांना आपल्या खोलीकडे जाताच आले नाही, वाटच नव्हती. दोघेही मैदानावरच थांबले. उत्तरार्धात जॅक स्मिथने दुसरा गोल केला. वेस्ट हॅमची त्याविषयी तक्रार होती, पण पंच ॲसन यांनी गोल मान्य केला. बोल्टन २-० असे जिंकले आणि पहिल्यांदाच चषक त्यांच्या गावी गेला.

आता आकड्यांकडे वळू. अधिकृत नोंद आहे १,२६,०४७ प्रेक्षकांची. पण हा आकडा फिरत्या फाटकांतून गेलेल्या माणसांचा. भिंतीवरून आलेल्यांना कोण मोजणार? खरी संख्या दोन लाख होती असे कोणी म्हणतात, कोणी तीन लाखांपर्यंत जातात. सुमारे नऊशे माणसांना किरकोळ जखमा झाल्या. थोड्यांना दवाखान्यात न्यावे लागले. राखीव जागेचे पैसे भरूनही ज्यांना ती मिळाली नाही त्यांना असोसिएशनने पैसे परत केले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे इतक्या चेंगराचेंगरीत एकही माणूस दगावला नाही.

इथे गुरुजनांनी क्षणभर थांबावे. माणसे का वाचली? बहुतेक जण सांगतात, शिपायाचे धैर्य, घोड्याचे शहाणपण, इंग्रजांची शिस्त, राजाचे आगमन. यातले काही खोटे नाही. पण घोडा आला तेव्हा माणसे आधीच मैदानावर होती. पायऱ्यांवरून ती मैदानावर येऊ शकली म्हणूनच चिरडली गेली नाहीत. पायऱ्या आणि हिरवळ यांच्यामध्ये उंच कुंपण नव्हते. धरणाला सांडवा असतो ना, पाणी वाढले की तिथून निघून जाते आणि भिंत शाबूत राहते, तसे ते गवत त्या गर्दीचा सांडवा झाले. घोड्याने सामना वाचवला. माणसे वाचवली ती मोकळ्या जागेने.

हा फरक बारीक वाटेल, पण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. सरकारने चौकशीसाठी एडवर्ड शॉर्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९२४ साली अहवाल दिला. प्रत्येक मैदानावर सुरक्षिततेची जबाबदारी एका माणसावर असावी, असे तिने सुचवले. मात्र कायदा करण्याची गरज तिला वाटली नाही. खेळाच्या संस्था आपले पाहून घेतील, असे तिने मानले. आणि फुटबॉल असोसिएशनने तर समितीपुढे साक्ष द्यायलाच नकार दिला होता! वेंब्लीच्या शेवटच्या सामन्यासाठी आधी तिकीट काढण्याची सक्ती झाली, एवढी सुधारणा झाली. इतर मैदानांवर जुनाच कारभार चालू राहिला. कोणी मेले नव्हते ना. मग लोकांच्या मनात घोडा राहिला, अहवाल कपाटात राहिला.

पुढे काय झाले ते ऐका. १९४६ सालच्या मार्च महिन्याची ९ तारीख. चषकाचाच सामना. आणि मैदान कोणते? बर्नडेन पार्क, त्याच बोल्टन संघाचे घरचे मैदान. मैदान भरले, दारे बंद झाली, तरी मागची गर्दी थांबेना. रेल्वेरुळांच्या बाजूने, भिंतींवरून लोक आत घुसले. पायऱ्यांवरचे लोखंडी आडवे कठडे दाबाने मोडले आणि ३३ माणसे चिरडून मेली. तेवीस वर्षांपूर्वी वेंब्लीला जी लक्षणे दिसली होती, नेमकी तीच ही. बंद दारे, बाहेर वाढता लोंढा, आत किती आहेत याचा कोणाला पत्ता नाही. या वेळी मोएल्विन ह्यूझ यांनी चौकशी केली. कोणत्या भागात किती माणसे मावतील याचा हिशेब करा, आत जाणाऱ्यांची यंत्राने मोजणी करा, असे त्यांनी बजावले. तोही अहवाल बहुतांशी कागदावरच राहिला. १९७१ साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात जिन्यावर ६६ माणसे मेली, तेव्हा कुठे १९७५ साली मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला.

आणि त्यानंतरही १५ एप्रिल १९८९ उजाडला. शेफील्ड शहरातले हिल्सबरो मैदान. दंगेखोरांना आवर घालायचा म्हणून तोवर मैदानांत पायऱ्यांपुढे उंच लोखंडी जाळ्या ठोकल्या होत्या. म्हणजे सांडवाच बुजवला होता. बाहेरचा लोंढा कमी करायला एक मोठे फाटक उघडले, माणसे आधीच भरलेल्या पिंजऱ्यात शिरली, आणि पुढच्यांना पळायला जागा उरली नाही. त्या घटनेत ९७ जीव गेले. कितीतरी वर्षे दोष प्रेक्षकांच्या माथी मारला गेला. २०१६ साली पंचांनी निर्णय दिला की प्रेक्षकांचा काही दोष नव्हता. न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९०च्या अहवालानंतर जाळ्या निघाल्या आणि मोठ्या मैदानांत प्रत्येकाला बसायची जागा आली. १९२३चा धडा असा सदुसष्ट वर्षांनी गिरवला गेला.

वेंब्लीच्या त्या मैदानाने पुढे पुष्कळ पाहिले. २३ एप्रिल १९२४ रोजी राजे पंचम जॉर्ज यांनी तिथे प्रदर्शनाचे उद्घाटन केले, ते भाषण रेडिओवरून गेले. इंग्लंडच्या राजाचा आवाज लोकांनी प्रथमच घरी बसून ऐकला. १२ ऑगस्ट १९४८ रोजी त्याच मैदानावर स्वतंत्र भारताच्या हॉकी संघाने ब्रिटनला ४-० असे हरवून ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. साम्राज्याच्या नावाने बांधलेले मैदान, आणि तिथे एक वर्षाचे स्वातंत्र्य घेऊन गेलेली आपली मुले! १९६६ साली इंग्लंडने तिथेच फुटबॉलचा जागतिक चषक जिंकला. २००० साली जुने मैदान बंद झाले, पुढे ते पाडले, आणि २००७ साली तिथे नव्वद हजार आसनांचे नवे क्रीडांगण उभे राहिले. दोन मनोरे गेले, त्यांच्या जागी दुरून दिसणारी पोलादी कमान आली. पण रेल्वेस्थानकाहून येणाऱ्या पादचारी पुलाला लोकांनी नाव दिले 'पांढऱ्या घोड्याचा पूल'. बिलीला लोक विसरले नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आखाडा मध्ये, भोवती चढत गेलेली बसायची जागा. कुठूनही बसा, कुस्ती दिसतेच. त्याच कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने होतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. गर्दीचे वेड आपल्यालाही कमी नाही. आणि गर्दीचे दुःखही आपण भोगले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत अरुंद वाटेवर, निसरड्या पायऱ्यांवर चेंगरून जवळजवळ तीनशे माणसे गेली. तिथे ना मोकळे मैदान होते, ना मागच्याला थांबवणारा कोणी. तेव्हाही लोक म्हणाले, देवीची इच्छा. मंडळी, देवीच्या माथ्यावर हा भार टाकू नये. वाट किती रुंद आहे आणि माणसे किती सोडायची, हे माणसानेच मोजायचे असते.

गावची जत्रा असो, कुस्तीचा फड असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो, ज्यांच्याकडे व्यवस्था आहे त्यांनी चार गोष्टी आधी ठरवाव्यात. जागेत किती माणसे मावतात हे मोजावे. आत येणाऱ्यांची मोजदाद ठेवावी. भरले की दार बंद करून न थांबता, मैलभर अलीकडेच लोकांना निरोप द्यावा. आणि बाहेर पडायची एक वाट कायम मोकळी ठेवावी. तिथे दुकान नको, सायकल नको, मोटार नको. शिवाय या सगळ्याला जबाबदार असा एक माणूस नेमावा, आणि तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असावे.

गुरुजींनी मुलांना बिलीची गोष्ट जरूर सांगावी. मुलांना ती आवडेलच. ती सांगून झाली की फळ्यावर शाळेच्या अंगणाचा नकाशा काढावा आणि विचारावे, "आपल्या संमेलनाला सगळा गाव आला, तर माणसे बाहेर कुठून पडतील?" मुले बोट दाखवतील. मग त्यांना घेऊन त्या वाटेने एकदा चालून यावे, आणि वाटेत काही पडलेले असेल तर ते त्यांच्याच हातांनी उचलून बाजूला ठेवावे.